गुणलेखनाच्या टेबलाशी एक जागा

कबड्डी, खो-खो किंवा धावण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाने गेल्या हंगामातली कामवाटपाची यादी एकदा काढून बघावी. मैदानाची आखणी, मांडव, भाग्यपत्रिका, संघांची नोंदणी, वजन, गुणलेखन, वेळ, निवेदन, जेवण, बक्षिसं अशी कामं असतात आणि त्यांच्यापुढे तीस-चाळीस कार्यकर्त्यांची नावं असतात. त्यांतली किती नावं दिव्यांग व्यक्तींची आहेत ते मोजावं. बहुतेक याद्यांत एकही सापडणार नाही. तरीही त्याच स्पर्धेच्या उद्घाटनाला किंवा बक्षीस समारंभाला एखादी दिव्यांग व्यक्ती व्यासपीठावर असते. तिला शाल-श्रीफळ दिलं जातं किंवा पाहुण्यांच्या हस्ते तीनचाकी सायकल दिली जाते, फोटो निघतो आणि ती घरी जाते. सत्कारमूर्ती आणि लाभार्थी, ही दोनच नाती आपण दिव्यांग माणसासाठी मैदानात राखून ठेवली आहेत. तिसरं नातं कार्यकर्त्याचं. ते अजून जोडलं गेलेलं नाही आणि ते कसं जोडता येईल यासाठीच हा लेख आहे.

आपल्याकडे खेळाच्या जगात माणूस शिरतो तो खेळून कमी आणि राबून जास्त. शाळेनंतर ज्यांनी कधी चढाई केली नाही अशी कितीतरी माणसं चाळीस-चाळीस वर्षं एखाद्या मंडळाची असतात. त्यांनी चुना टाकलेला असतो, संघांना स्टँडवरून आणलेलं असतं, रात्री अडीच वाजता अंतिम सामन्याचा तक्ता जुळवलेला असतो. त्या कामातून त्यांना ओळख मिळते, मित्र मिळतात, बैठकीत बोलण्याचा अधिकार मिळतो. दिव्यांग मुलाची गोष्ट शाळेच्या पीटीच्या तासापासूनच वेगळी होते. बाकीचे मैदानात जातात आणि तो त्यांच्या चपला, दप्तरं, घड्याळं सांभाळत कडेला बसतो. दहा वर्षं असं बसल्यावर ‘खेळ हे आपलं क्षेत्र नाही’ हे त्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच मोठेपणी ‘दिव्यांगांनीही पुढे यावं’ असं माइकवरून आवाहन केल्याने कुणी पुढे येत नाही. आवाहन सगळ्यांना असतं, म्हणजे ते कुणालाच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोत्साहन द्यायचं असेल तर नाव घेऊन, ठरावीक काम सांगून, त्या कामाची पूर्ण जबाबदारी देऊन बोलवा. ‘शनिवार-रविवार दोन नंबरच्या मैदानाचं गुणलेखन तू बघशील का?’ हा प्रश्न दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे साधारण अडतीस माणसांमागे एक. तीन हजार वस्तीच्या गावात सरासरीने सत्तर-ऐंशी माणसं. ही मोजणी आठ प्रकारच्या अपंगत्वांवर बेतलेली होती. नंतर आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने एकवीस प्रकार मान्य केले, त्यामुळे आज मोजलं तर आकडा वाढेलच. म्हणजे ‘आमच्या गावात असं कुणी नाही’ हे उत्तर टिकत नाही. खेळाच्या दोन टोकांना तर ही माणसं आहेतच. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. भारताच्या पॅरालिम्पिक समितीचं अध्यक्षपद २०२० मध्ये दीपा मलिक यांच्याकडे आलं आणि २०२४ मध्ये देवेंद्र झाझरिया यांच्याकडे. दोघंही पॅरालिम्पिक पदकविजेते. पदकाच्या टोकाला दिव्यांग माणूस आहे, देशाच्या समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत आहे. नाही तो मधल्या भल्यामोठ्या पट्ट्यात, जिथे तालुक्याची स्पर्धा भरते आणि कुणीतरी गुणपत्रक भरत असतं. तिथे नसण्याचं कारण कुवत हे असतं तर वरच्या दोन टोकांनाही तो दिसला नसता.

आता कामाकडे जवळून बघू, कारण ‘त्यांना कसं जमेल?’ ही शंका बहुतेक वेळा काम नीट न पाहिल्यामुळे येते. शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत हाताने वेळ घेणारा वेळाधिकारी काय करतो? तो अंतिम रेषेच्या सरळ ओळीत उभा राहतो आणि सुरुवातीच्या पिस्तुलाचा धूर किंवा चमक दिसताक्षणी स्टॉपवॉच दाबतो. आवाजावर दाबायचं नाही, असा नियमच आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे शंभर मीटरवर उभ्या माणसाला तो जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि शंभर मीटरच्या शर्यतीत तीन दशांश म्हणजे पहिल्या आणि सहाव्यातलं अंतर असू शकतं. म्हणजे हे काम मुळातच डोळ्यांचं आहे. कानाचा त्यात काही भाग नाही, उलट सरावलेला कान कधी घात करतो. कर्णबधिर तरुणाला किंवा तरुणीला या जागी उभं करण्यासाठी काहीही बदलावं लागत नाही. शाळेच्या स्पर्धेत पिस्तूल नसेल आणि शिट्टीवर शर्यत सुटत असेल, तर सोडणाऱ्याने शिट्टीबरोबर वर धरलेला झेंडा खाली आणावा. त्याने बाकीच्या वेळाधिकाऱ्यांच्या वेळाही जास्त अचूक येतील. एका कर्णबधिर कार्यकर्त्यासाठी केलेली सोय सगळ्या मैदानाच्या उपयोगी पडते ती अशी.

दृष्टिहीन माणसाचं नाव काढलं की मंडळांची अडचण सर्वांत जास्त होते. खेळ तर बघायचाच असतो, मग न दिसणारा तिथे काय करणार? या प्रश्नाला झिम्बाब्वेच्या डीन ड्यू प्लेसी यांनी चोख उत्तर दिलेलं आहे. जन्मांध असलेल्या या माणसाने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामन्यांचं समालोचन केलं. यष्टीत बसवलेल्या माइकचा आवाज कानाला लावून ते गोलंदाजाची धाव, त्याच्या पावलांची लय, बॅटवर चेंडू कुठे बसला याचा नाद ओळखत, आणि खेळाच्या इतिहासाची पाठ असलेली माहिती त्याला जोडत. बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं मराठी समालोचन ऐकत ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना क्रिकेट कानाने कळतं हे पटवून द्यायला नको. प्रत्येक गावात असे डीन मिळतील असा माझा दावा नाही. पण निवेदकाच्या टेबलावर दोन माणसं असावीत, एकाने मैदान बघून सांगावं आणि दुसऱ्याने संघांचा इतिहास, गुणांचा हिशोब, पुढच्या सामन्यांची सूचना सांभाळावी, ही वाटणी कुठल्याही मंडळाला जमण्यासारखी आहे. ज्याला बोलण्याचा सराव आहे आणि ज्याची स्मरणशक्ती दांडगी आहे असा दृष्टिहीन कार्यकर्ता ही दुसरी बाजू उत्तम करील. त्याशिवाय संघांना फोन करणं, येण्याच्या वेळा पक्क्या करणं, रद्द झालेल्या सामन्याची खबर पोहोचवणं ही कामं स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या साध्या मोबाइलवर तो आजही करतो, फक्त मंडळासाठी करत नाही.

बुद्धिबळाने या बाबतीत बाकीच्या खेळांच्या पुढे पाऊल टाकलं आहे. अंध खेळाडूच्या पटावर प्रत्येक घराला भोक असतं आणि सोंगटीच्या बुडाला त्यात बसणारी खुंटी. काळी घरं किंचित उंच असतात, एका रंगाच्या सोंगट्यांवर हाताला लागेल अशी खूण असते आणि खेळाडू चाल मोठ्याने उच्चारतो. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीत अंध खेळाडूंसाठी स्वतंत्र परिशिष्टच आहे, त्यामुळे डोळस आणि अंध एकमेकांविरुद्ध सर्रास खेळतात. आणि आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचं म्हणजे अंधांचं बुद्धिबळ देशात संघटित करण्यात मुंबईच्या चारुदत्त जाधव या स्वतः दृष्टिहीन असलेल्या खेळाडूचा मोठा वाटा आहे. स्पर्धा आखणं, पैसे उभे करणं, खेळाडू शोधणं, त्यांचा प्रवास जुळवणं ही कार्यकर्त्याचीच कामं.

व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्यांच्या बाबतीत अडचण वेगळी असते. कामाला अडसर नसतो, अडसर असतो जागेला. कबड्डीचा गुणलेखक बसून काम करतो. चढाई तीस सेकंदांची, तेवढ्यात पंच आणि सरपंचाची खूण बघायची, गुण पत्रकावर खोडायचा, बोनस आणि लोण वेगळे दाखवायचे आणि पुढच्या चढाईसाठी मान वर करायची. पायांचा यात संबंध नाही. पण आपण ते टेबल ठेवतो कुठे? पाहुण्यांच्या व्यासपीठावर, तीन पायऱ्या वर. टेबल मांडववाल्याचं, त्याला खाली आडवी पट्टी असते आणि वरून झालर सोडलेली. व्हीलचेअर पुढे सरकवली की गुडघे पट्टीला लागतात आणि लिहिणारा हात कागदापासून दीड फूट लांब राहतो. मैदानाभोवती अंथरलेल्या जाजमाच्या दुमडलेल्या काठात पुढची छोटी चाकं रुततात. आणि स्वच्छतागृह पायऱ्यांवर किंवा मैदानापलीकडे असेल तर दिव्यांग कार्यकर्ती दिवसभर पाणीच पीत नाही, हे तर बाहेरच्या कुणाला कळतही नाही. उपाय अगदी साधे आहेत. टेबल जमिनीवर आणा, पट्टी नसलेलं निवडा, झालर काढा, जाजमाचा काठ चिकटपट्टीने दाबून टाका, जवळच्या शाळेचं किंवा घराचं वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह आधी ठरवून ठेवा. एखादी पायरी टाळताच येत नसेल तर उतार करा. नियम एकास बाराचा आहे, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा. जाड प्लायवुडची एक फळी आणि खाली पक्का आधार, मांडववाला अर्ध्या तासात करून देतो. मात्र उतार झाला की त्या माणसालाच आधी दाखवा, कारण दिसायला ठीक वाटणारा उतार प्रत्यक्षात उभा असू शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो चुकांचा. अटीतटीचा सामना आहे, दोन्ही गावांची पोरं तापलेली आहेत, अशात नव्या माणसाकडून गुण चुकला तर भांडण कुणी निस्तरायचं? आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर खेळानेच देऊन ठेवलंय. कबड्डीत गुणलेखकाबरोबर दोन सहायक गुणलेखक असतात. धावण्याच्या शर्यतीत विजेत्याची वेळ तिघांनी घ्यायची असते. तिघांची वेगवेगळी आली तर मधली धरतात. एका माणसावर विसंबायचं नाही हे नियम करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे धडधाकट माणसंच होती. तेव्हा नव्या दिव्यांग कार्यकर्त्याला पहिल्या वर्षी सहायक म्हणून बसवा, सकाळच्या साखळी सामन्यांपासून सुरुवात करा, प्रत्येक डावाअखेर दोघांची पत्रकं ताडून बघा. चुका झाल्या तर त्या इतरांच्या चुकांसारख्याच सांगा. ‘जाऊ दे, बिचाऱ्याने केलं हेच खूप’ असं म्हणून चूक पोटात घालणं ही दया आहे, आणि जो दया स्वीकारतो त्याला पुढच्या वर्षी तेच काम मागण्याचं तोंड राहत नाही. जमलं नाही तर दुसरं काम शोधा. तो अधिकार जसा मंडळाला तसा त्या कार्यकर्त्यालाही आहे.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणांचा विचार तर बहुतेक ठिकाणी यादीपर्यंतही येत नाही. स्पेशल ऑलिम्पिक्स ही जागतिक चळवळ १९६८ पासून त्यांच्यासाठी स्पर्धा भरवते आणि त्यांतल्या खेळाडूंना वक्ते, साहाय्यक प्रशिक्षक, सामनाधिकारी म्हणूनही तयार करते. ज्या कामाचा क्रम पक्का असतो ते काम ही मुलं अतिशय निष्ठेने करतात. छातीवरचे क्रमांक ओळीने लावून ठेवणं, प्रत्येक सामन्यानंतर मॅट पुसणं, गोळा किंवा थाळी फेकीच्या वर्तुळाकडे परत आणणं ही तशी कामं. सूचना एकावेळी एक द्यावी, शक्य तर करून दाखवावी आणि दिवसभर एकच ओळखीचा माणूस सोबत असावा. इथे एका धोक्याबद्दल मात्र बजावून सांगितलं पाहिजे. दिव्यांग म्हणजे पाणीवाटप, असं समीकरण फार लवकर रुजतं. पाणी देणं हे हलकं काम नाही, पण पाच वर्षं तेच मिळालं तर ते काम राहत नाही, ती कोपऱ्यातली जागा होते. यंदा क्रमांक लावणाऱ्याने पुढच्या वर्षी नोंदणीच्या टेबलावर बसावं, नोंदणीवरच्याने भाग्यपत्रिकेत. बढती ठरलेली असेल तरच माणूस परत येतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वर सांगितलेल्या सोयींचा हिशोब केला तर एका चषकाच्या किमतीतही त्या भागतील असं माझं मत आहे. मैदानाची कायमची कामं, म्हणजे उतार, रुंद दरवाजा, वापरता येणारं स्वच्छतागृह, ही मंडळाने एकट्याने करायची गरज नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत मंडळाने आणि दिव्यांग रहिवाशांनी मिळून हा विषय मांडला तर त्याला वजन येतं. कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३० मध्ये क्रीडा उपक्रमांत दिव्यांग व्यक्तींचा परिणामकारक सहभाग साधण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ‘सहभाग’ या शब्दाचा अर्थ फक्त खेळणं असा करण्याचं काहीच कारण नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो दिव्यांग चळवळीतूनच येतो. ज्यांना नोकरी मिळत नाही, ज्यांच्या श्रमाला आधीच कमी दाम मिळतो, त्यांना तुम्ही फुकट राबायला का सांगता? हा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. स्वयंसेवा हा रोजगाराचा पर्याय नाही आणि मंडळाने तो तसा दाखवू नये. पण हे काम फुकट राबणं होतं की नाही हे ठरतं ते बाकीच्यांना काय मिळतं यावरून. पंचांना मानधन असेल आणि गुणलेखकांनाही असेल, तर दिव्यांग गुणलेखकाला तेवढंच द्यावं, आणि ते ‘मदत’ म्हणून पाकिटात घालू नये. सगळे विनामोबदला राबत असतील तर तोही राबेल. पण त्याला एसटी सोडून रिक्षा करावी लागत असेल, सोबतीला माणूस आणावा लागत असेल, तर तो जादा खर्च स्पर्धेच्या अंदाजपत्रकात धरावा. कामाची दारं पुढे उघडी ठेवावीत. कबड्डी, खो-खोच्या संघटना पंच परीक्षा घेतात. दोन हंगाम गुणलेखन केलेल्याला मंडळाने नियमपुस्तिका द्यावी, परीक्षेला पाठवावं, आणि प्रात्यक्षिकात काही सवलत लागणार असेल तर संघटनेकडे आधीच लेखी पत्र द्यावं. ‘दिव्यांगांच्या वेगळ्या स्पर्धा असतात, त्यांनी तिथे काम करावं’ असंही कुणी म्हणतं. तिथे तर त्यांनी करावंच, आणि तिथेही आज बहुतेक कामं धडधाकट माणसांच्याच हाती असतात हे बदलायला हवं. पण गावचा माणूस गावच्या मैदानावर दिसला पाहिजे, त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा बोलावून भागत नाही.

आता थेट दिव्यांग वाचकांशी. तुम्हाला कुणी विचारायची वाट बघू नका असं सांगणं सोपं आहे, पण दारात उभं राहून नकार ऐकण्याची सवय झालेल्या माणसाला ते सोपं नसतं हे मान्य आहे. म्हणून जाताना हातात काहीतरी घेऊन जा. ज्या खेळाची ओढ आहे त्याचे नियम आधी नीट वाचा. घरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर कबड्डीचा सामना लावून स्वतः पूर्ण गुणपत्रक भरा, शेवटी पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून बघा, असे दहा सामने झाले की मंडळाच्या चिटणीसाकडे ती पत्रकं घेऊन जा. ‘काहीही काम द्या’ असं म्हणू नका, समोरचा माणूस गोंधळतो आणि सोपं म्हणून खुर्ची देतो. काम तुम्हीच नाव घेऊन मागा. तुम्हाला काय लागेल तेही तिथल्या तिथे सांगा: जमिनीवरचं टेबल, समोरून बोलणारा माणूस, दर दोन तासांनी दहा मिनिटं विश्रांती, संध्याकाळी सातच्या आत मोकळीक. हे सांगायला संकोच वाटतो, पण न सांगता ओढून नेलं आणि दुपारी प्रकृती बिघडली तर मंडळ पुढच्या वेळी तुम्हालाच काय, दुसऱ्यालाही विचारणार नाही. घरच्यांची काळजी असतेच, मुलींच्या बाबतीत दुप्पट. त्यांना पहिल्या दिवशी सोबत घेऊन या, मैदान दाखवा, चिटणीसाशी बोलू द्या. एक दिवस नीट पार पडला की आई-वडिलांचा आवाज बदलतो.

मंडळांसाठी शेवटची एक गोष्ट. स्पर्धा संपल्यावर प्रमाणपत्र देताना त्यावर ‘दिव्यांग कार्यकर्ता’ असं छापू नका. ‘गुणलेखक, मैदान क्रमांक २, एकूण चौदा सामने’ असं जे केलं असेल ते लिहा. ते प्रमाणपत्र तो माणूस दुसऱ्या मंडळात, शाळेत, कुठे अर्ज करताना दाखवू शकतो. आणि दिवाळीनंतर पुन्हा हंगाम सुरू होईल, त्याआधी नियोजनाची पहिली बैठक लागेल. ती बहुधा तालमीच्या माडीवर असते, लोखंडी जिना चढून. यंदा ती खाली अंगणात लावा, रात्री नऊऐवजी सात वाजता, आणि निरोप द्यायला कुणालातरी त्याच्या घरी पाठवा.